ओवाळणीचे पाच हजार आणि शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी: काय घेऊ?

मोरपंखी_चादर
मंडळी, यंदा भाऊबीजेला दादाने ओवाळणीत पाच हजार घातले आणि वर दम दिला, "मिक्सर, कुकर, पोरांचे कपडे असलं काही आणलंस तर बघ. स्वतःसाठी घे." तर मी शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्डी घ्यायचं ठरवलंय.

कारण असं की घरात सासऱ्यांचा एचएमव्हीचा जुना फिएस्टा रेकॉर्ड प्लेयर आहे. वर्षानुवर्षं कपाटावर चादरीखाली पडून होता. सोलापुरातल्या विजापूर वेशीकडच्या एका रेडिओवाल्या काकांनी दिवाळीआधी तो चालू करून दिला. घरात रेकॉर्डी आहेत त्या म्हणजे नाट्यगीतं, आरत्या, आणि एक अशी की जिचं कव्हर उंदरांनी खाल्लंय, लेबल पुसलंय, आणि आत कोण गातंय यावर घरात दोन तट आहेत.

माझं ज्ञान: शाळेत असताना पेटीच्या क्लासला जायचे. भूप आणि यमन हे राग ओळखते, बाकी सगळं 'छान वाटतंय' या सदरात. सासरे ८१ वर्षांचे. त्यांना गाणं कळतं, पण ते म्हणतात, "तुझे पैसे, तुला आवडेल ते आण." आता मला काय आवडेल हेच तर माहीत नाही!

तर सांगा: गायन घ्यावं की वादन? नव्या छापलेल्या घ्याव्या की जुन्या? मोठमोठ्या पाच-सहा जणांची एकेक घ्यावी, की एकाच कुणाच्या तरी मागे लागावं?

कडक_भाकरी
पाच हजारांत किती शेंगाचटणी येते याचा हिशेब केला. मैफल तिनेही रंगते. असो, वाचतोय.

नवीपेठकर
सरळ यादी देतो. भीमसेन, कुमार, किशोरीताई, जसराज, वसंतराव, सतारीला रविशंकर. प्रत्येकी एक. संपला विषय. आधी सगळ्यांची तोंडओळख होऊ द्या, मग आवडीनिवडी ठरवा. लग्नाच्या पंगतीत बसल्यावर कुणी पहिल्यांदा फक्त बासुंदीच मागत नाही.

मंद्र_पंचम
नवीपेठकर, हाच सल्ला मला कॉलेजात असताना मिळाला होता. सहा कॅसेटी, सहा गवई, सहा राग. दोन वर्षं नुसती माना डोलावत होतो. कोण कुठे काय वेगळं करतंय ते कळणार कसं? गवईही बदलला, रागही बदलला, वेळही बदलली.

माझं मत: राग एक धरा, गवई बदला. मोरपंखी, तुम्हाला भूप ओळखता येतो ना? मग तिथूनच निघा. किशोरीताईंचा भूप घ्या, 'सहेला रे' वाला. तो सहज मिळतो, त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. नंतर दुसऱ्या कुणाचाही भूप ऐका. स्वर तेच पाच, पण एक जण गंधारावर (ग) कसा बसतो आणि दुसरा कसा, हे आपोआप दिसायला लागेल. मग देसकार ऐका. त्यातही तेच पाच स्वर! पण भूप संध्याकाळचा, गंधाराचा. देसकार सकाळचा, धैवताचा (ध). ज्या दिवशी हे दोन्ही कुणी न सांगता वेगळे ऐकू येतील, त्या दिवशी पाच हजार वसूल.

असाच दुसरा संच मारवा, पूरिया, सोहनी. तिन्हीत पंचम (प) नाही, ऋषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र. स्वर तंतोतंत तेच. मारवा ऋषभ-धैवतावर लटकत राहतो, षड्जावर (सा) यायला तयारच नसतो. पूरिया गंधार-निषादाचा (ग-नि), खाली मंद्र सप्तकात रमणारा. सोहनी वरच्या सप्तकातून खाली बघतो. आणि मारवा म्हटलं की अमीर खाँसाहेब. १९६० ची एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड), एका बाजूला मारवा, दुसरीकडे दरबारी. एकच घ्यायची असेल तर मी डोळे मिटून तीच घेईन.

नवीपेठकर
मंद्र_पंचम, तुम्ही मास्तर आहात का हो? बाईंना ओवाळणी मिळालीय, गृहपाठ नाही.

मंद्र_पंचम
मास्तरच आहे. गणिताचा.

तंबोऱ्याची_गवसणी
थांबा, थांबा. यादी नंतर. मोरपंखी, आधी त्या प्लेयरची सुई बघितली का?

फिएस्टासारख्या जुन्या प्लेयरला सिरॅमिक कार्ट्रिज (हाताच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) असतं. त्याचा हात रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम तरी भार टाकतो. आजकालच्या चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. त्यात सुई झिजलेली असली तर ती रेकॉर्ड वाजवत नाही, किसते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या प्लेयरची सुई मूळचीच असणार, म्हणून पहिले चार-पाचशे रुपये तिच्यावर घाला. अशा बऱ्याच प्लेयरांत सुईच्या काडीला दोन टोकं असतात, एक ७८ साठी (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी) आणि एक एलपीसाठी. ७८ ची खाच रुंद, एलपीची बारीक. चुकीचं टोक लावलं की आवाज घोगरा येतो आणि रेकॉर्डही जाते.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं. कार्ट्रिज मोनो असेल तर त्यावर स्टीरिओ रेकॉर्ड लावू नका. मोनोची सुई आडवी हलायला बनवलेली. स्टीरिओच्या खाचेत उभी हालचालही असते, तिथे ही सुई अडते आणि खाच खरवडत जाते. आत्ता ऐकताना कळणार नाही, दहा-वीस वेळा वाजवल्यावर वरच्या तानेला खरखर सुरू होईल. तेव्हा नवी छापलेली जाडजूड महागडी एलपी या प्लेयरवर लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

म्हणजे तुमच्या 'नव्या की जुन्या' या प्रश्नाचं उत्तर प्लेयरनेच दिलंय. जुन्या मोनो घ्या. एचएमव्हीच्या कव्हरवर नंबर असतो. ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. १९६० च्या दशकातलं उत्तम गाणं मोनोत पुष्कळ आहे. अमीर खाँसाहेबांची ती मारव्याची एलपीही मूळ मोनोच.

उगाच_एक
हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे. मी फक्त सांगून ठेवतोय.

कडक_भाकरी
@उगाच_एक, का बे, भाकरी पण घरी फुकट मिळते की. मग हाटेलात कशाला जातो?

बाख_आणि_भजी
उगाच_एक यांचं अर्धं खरं आहे. आधी फुकट ऐका, मग विकत घ्या. पण तिथे मला एकच मैफल तीन वेगवेगळ्या रागांच्या नावांनी टाकलेली सापडलीय. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, साल कुठलं, काही नाही. एलपीच्या पाठीवर निदान साथीदारांची नावं तरी छापलेली असतात.

मंद्र_पंचम यांना माझा पाठिंबा, आणि पुरावा बाहेरून देतो. मी मूळचा सोलापूरचा, पण कान पाश्चात्त्य संगीतावर वाढलेले (दमाणी नगरात माझ्याएवढा एकटा माणूस नसेल). ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ साली रेकॉर्ड केल्या आणि परत १९८१ साली. माणूस तोच, पियानोवरची रचना तीच, एकही स्वर बदललेला नाही. पहिली ३८ मिनिटांत संपते, दुसरी ५१ मिनिटं चालते. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्या तेव्हा मला कळलं की वाजवणं म्हणजे काय.

नवीपेठकर
पण त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं ना? मग दोन कशाला घ्यायच्या?

बाख_आणि_भजी
लिहिलेलं असतं म्हणूनच तर! आपल्याकडे गवई बदलला की बढत (राग फुलवत नेण्याची रीत) बदलते, काही बाकी राहत नाही. तिकडे कागद तोच राहतो, म्हणून फरक उघडा पडतो. कुठे थांबला, कुठे दाबलं, कुठली बोटं पुढे आणली. बाखचेच चेलो (व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) सुइट्स पाब्लो कासाल्सने १९३६ ते १९३९ मध्ये रेकॉर्ड केले. आवाज जुना, खरखर आहे, तरी आजचा प्रत्येक चेलोवाला त्याच्याशी भांडूनच पुढे जातो. तुमच्याकडे अब्दुल करीम खाँ जसे.

अक्कलकोट_स्टँड
मी जरा वेगळं लिहिते. आमच्या घरी कन्नड बोलतात, बाहेर मराठी, गल्लीत तेलुगू. सोलापुरात हे काही नवीन नाही. माझ्या आज्जीला शास्त्रीय गाणं अजिबात आवडत नसे, "आ आ करत बसतात" म्हणायची. पण मल्लिकार्जुन मन्सूर लागले की हातातली लाटणं-पोळपाट थांबायची. कारण ते वचनं, म्हणजे संतांची कन्नड पदं, गायचे. अक्कमहादेवीची, बसवण्णांची. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या काळातली, बाराव्या शतकातली वचनं, आणि हा माणूस तीच जयपूर घराण्याची तान घेऊन गातोय. आज्जी रागाचं नाव कधी विचारायची नाही, पण पुढची ओळ त्यांच्या आधी म्हणायची.

मी त्यांच्या वचनांवरूनच ख्यालाकडे आले. मग शिवमत भैरव, नट बिहाग असले त्यांचे अनवट राग. तेव्हा मोरपंखी, सासऱ्यांना नाट्यगीतं आवडतात ना? मग जे शब्द आधीच ओठांवर आहेत तिथून आत शिरा. मारवा कुठे पळून जात नाही.

पंढरीची_वाट
अक्कलकोट_स्टँड, अगदी हेच लिहायला आलो होतो. आमच्याकडे भीमसेनजींच्या अभंगांची कॅसेट आषाढीच्या आधी महिनाभर वाजायची. तोडी राग म्हणजे काय हे मला नंतर कळलं, कानात ती आधीच होती.

मंद्र_पंचम
हे मान्य. पण अभंगात राग पाहुणा म्हणून येतो, ख्यालात तो घरमालक असतो. दोन्ही घ्या.

नवीपेठकर
मास्तर, पाच हजारच आहेत.

मोरपंखी_चादर
बाप रे, ऑफिसातून येईपर्यंत एवढं! गवसणी, काकांना फोन केला. कार्ट्रिज मोनो आहे आणि सुई मूळचीच आहे. "ताई, ती सुई नाही आता, खिळा आहे," म्हणाले. नवी मागवतो म्हणालेत.

म्हणजे नव्या एलपी बाद. जुन्या कुठून घेऊ? आणि घेताना बघायचं काय? एका साइटवर फोटो सुरेख दिसतायत.

तंबोऱ्याची_गवसणी
फोटो सगळ्यांचेच सुरेख असतात. मी एकदा अशीच एक मागवली. नुसत्या कागदी पाकिटात, पुठ्ठा न घालता पाठवली होती. पोस्टमनने दिली तेव्हा ती दोन रेकॉर्डी झाली होती.

हातात घेऊन घ्या. बाहेर काढा, उजेडात तिरकी धरा. केसासारखे बारीक ओरखडे चालतात. नख फिरवल्यावर लागतो तो ओरखडा चालत नाही, तिथे सुई उडी मारणार. मग डोळ्याच्या रेषेत आडवी धरून बघा, वाकलीय का. मधल्या भोकाभोवती लेबलवर प्लेयरच्या खुंटीच्या खुणांचं जाळं असेल तर ती घरात खूप वाजलीय. बुरशीचे पांढरे ठिपके बहुतेक वेळा धुतल्यावर जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कपडा, खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

आणि आपल्या सोलापूरसाठी खास: मेमध्ये ४३ अंश असतं. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलीत तर जूनमध्ये खाली काढाल त्या पापडासारख्या लाटा आलेल्या. उभ्या ठेवा, एकमेकींवर रचू नका.

मिळतील कुठे? पुण्याचा जुना बाजार, रविवार आणि बुधवार. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडा.

मिरजेचा_जावई
जुन्या तबकड्यांचा विषय निघालाय तर मिरजेला विसरू नका. अब्दुल करीम खाँसाहेब राहिले तिथेच, त्यांची कबरही तिथल्या दर्ग्यातच. मन्सूरांचे हिंदुस्थानी गाण्यातले पहिले गुरू नीलकंठबुवा, ते शिक्षणही मिरजेचंच. तंबोरे तर तिथलेच, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. 'पिया बिन नाही आवत चैन' झिंझोटीत, 'जमुना के तीर' भैरवीत. एवढ्याशा वेळात आलाप, बोल, ताना, सगळं. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवीही तेवढीच. ती १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलीय.

कडक_भाकरी
परग्रहवाल्यांकडे सुई आहे का पण?

बाख_आणि_भजी
आहे! नासाने तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुई दोन्ही पाठवलीत, वाजवायची कशी त्याचं चित्रही कव्हरवर कोरलंय. गवसणींचाच सल्ला घेतलेला दिसतो.

मिरजेचा_जावई
अवांतर: आमचे आजोबा बार्शी लाइट रेल्वेच्या त्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी-पंढरपूर करत उरुसाला मिरजेला जायचे, रात्रभर दर्ग्यात गाणं ऐकायला. आता मोठी लाइन झाली, आणि मी फोनवर तीन मिनिटं ऐकतो आणि पुढे सरकवतो.

सतारीची_तार
सगळे गवयांच्याच मागे! वादन कुणी सुचवणार का नाही? आपल्या शास्त्रीय वादनाची पहिली एलपी १९५५ ची, अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदाची, अमेरिकेत काढलेली. सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन बोलतात, तबल्याला चतुरलाल. मोनोच आहे, फिएस्टाला चालेल. आणि नवख्या कानाला वादन सोपं जातं, शब्दांचा गोंधळ नाही.

अक्कलकोट_स्टँड
मला उलट वाटतं. शब्द असले की धरायला काहीतरी असतं. नुसती सतार लागली की माझं मन पाच मिनिटांनी भाजीच्या पिशवीकडे जातं.

नवीपेठकर
फैयाज आपल्या सोलापूरच्या, हे कुणी लिहिलंच नाही! 'कट्यार काळजात घुसली' नाटकातल्या झरीना. वसंतरावांबरोबरची ती नाट्यगीतं मिळाली तर बघा. सासरे खूश, गावाची शानही राहील. आणि माझी सहा जणांची यादी मी अजून मागे घेतलेली नाही, याची नोंद असावी.

मोरपंखी_चादर
मंडळी, पुण्याला जाऊन आले. बहिणीकडे काम होतंच, ते कारण झालं.

जुन्या बाजारात एका गाड्यावर ढीग होता. नव्वद टक्के सिनेमाची गाणी. त्यात अमीर खाँसाहेबांची ती मारवा-दरबारी दिसली! कव्हर फाटलेलं, कुणीतरी निळ्या शाईने वर 'गो. ना.' लिहिलेलं. गवसणींनी सांगितलं तसं उजेडात तिरकी धरली. दरबारीच्या बाजूला एक ओरखडा होता, पण नखाला लागला नाही. गाडीवाला म्हणाला, "ताई, एवढं सोनारही बघत नाही." सहाशे सांगितले, साडेचारशेला दिली. तिथेच एका नाट्यगीतांच्या मोनोवर सासऱ्यांसाठी हात मारला. भूप-बागेश्री होती, पण नंबर बघितला तर ईएएसडी. ठेवून दिली. फार जीवावर आलं. मन्सूरांची वचनं सीडीवर मिळाली, ती मुलाच्या जुन्या प्लेयरवर लागतात. सुईचे पाचशे धरून अजून निम्म्याहून जास्त पैसे शिल्लक आहेत.

नवी सुई बसल्यावर संध्याकाळी मारवा लावला. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटलं. मग मास्तर म्हणाले तसं ते षड्ज टाळणं ऐकू यायला लागलं. येतो येतो म्हणतात आणि येतच नाहीत! मी चहा ठेवलेला विसरले, आटून गेला. सासरे मात्र म्हणाले, "फार संथ आहे गं, हा झुमरा ताल. आमच्या वेळी रात्रभर जागून ऐकायचो, आता मला एवढ्यात डुलकी लागते." आणि नाट्यगीतं लावायला सांगितली. ती रेकॉर्ड दोन वेळा उलटून पालटून झाली, तोवर जेवणं खोळंबली.

दरबारी त्या एवढ्याशा स्पीकरवर नीट लागत नाही. मंद्रातलं काही पोचतच नाही.

तंबोऱ्याची_गवसणी
स्पीकर लहान आहे, मंद्र गाळला जाणारच. काकांना विचारा, बाहेरचा स्पीकर जोडायला तार काढून देता येईल का. जमत असेल तर उरलेले पैसे त्यावर घाला, नव्या रेकॉर्डवर नको.

मंद्र_पंचम
गवसणींशी शंभर टक्के सहमत. आणि मोरपंखी, आता पूरिया. कुणाचाही चालेल, फुकटातला पण चालेल. मारवा संपल्या संपल्या लावा.

नवीपेठकर
गृहपाठ सुरूच.

उगाच_एक
त्या उंदराने खाल्लेल्या रेकॉर्डवर कोण गातंय ते नव्या सुईने कळलं का? फोनवर रेकॉर्ड करून इथे टाका, ओळखू.

मोरपंखी_चादर
टाकते रविवारी. सासरे म्हणतात हिराबाई बडोदेकर, सासूबाई म्हणतात रोशनआरा बेगम. पैज लागलीय.

मिरजेचा_जावई
दोघीही किराणा घराण्याच्याच. भांडण चांगल्या घरातलं आहे!

बोरामणी_नाका
उशिरा आलो. आमच्या वाड्यात चावीचा ग्रामोफोन आहे, भोंग्याचा. विजापूर वेशीच्या त्या काकांकडे त्याची पिन मिळेल का?

तंबोऱ्याची_गवसणी
त्याला पोलादी पिन लागते, आणि प्रत्येक बाजूला नवी, म्हणून एकदम डबीभर घ्या. जुनी पिन परत वापरली तर ती पिन तबकडी खाते. आणि त्यावर एलपी लावायची हौस करू नका, एकाच फेरीत संपेल. बाकीचं नव्या धाग्यात विचारा, हा फार लांबला.